पिक्चर बघताना बाबा चुटकी वाजवायचे आणि सीन बदलायचा. हे कसं?

रामबाग_ते_कोथरूड

प्रश्न जरा विचित्र आहे, पण इथे इंदूरकडची बरीच मंडळी दिसतात म्हणून विचारतेय. पाल्हाळ लावणार आहे. घाई असेल त्यांनी सरळ शेवट वाचावा.

आम्ही रामबागेत राहायचो. वाड्यात तीन बिऱ्हाडं, तिन्ही मराठी. बाबा मिलमध्ये हिशेबाच्या खात्यात होते. पगार झाला की त्याच्या पुढचा रविवार पिक्चरचा. मी सांगतेय ते साधारण १९७८ ते ८५ चं.

सुरुवात शनिवारी व्हायची. संध्याकाळी बाबा 'नई दुनिया'चं जाहिरातींचं पान जमिनीवर पसरायचे आणि आम्ही तिघं भावंडं त्याच्याभोवती पालथी. रीगल, यशवंत, महाराजा, श्रीकृष्ण, अलका, स्टारलिट, बेंबिनो, प्रेमसुख. ही नावं मला पाढ्यांच्या आधी पाठ होती. आईच्या अटी दोन: रडका नको आणि मारामारीचा नको. बाबा म्हणायचे, "मग देवाचा बघू." त्यावर आई म्हणायची, "देवाचा कशाला, देव घरात आहेत की." शेवटी व्हायचं बाबांच्याच मनासारखं, पण चर्चा रात्रीच्या जेवणापर्यंत चालायची.

रविवारी सकाळी पोहे, वर सेंव आणि जिरावन. (इथे कोथरूडला सासरी पहिल्यांदा 'सेंव' म्हटलं तेव्हा सगळे हसले होते. हसू देत.) १२ ते ३ चा शो असायचा, म्हणजे आम्ही साडेदहालाच तयार. आई तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घ्यायची, एका पुडीत सेंव-परमल. जाताना चालत, कृष्णपुऱ्याच्या पुलावरून. येताना पैसे उरले तर टांगा. पैसे उरायचे नाहीत.

तिकीट काढायचं काम आजीचं. पुरुषांच्या खिडकीपुढे लोखंडी जाळीचा बोगदा होता, त्यात माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढायची. लेडीज खिडकीवर मात्र चार-पाचच बायका. आजी लुगड्याचा ओचा खोचून उभी राहिली, की लगेच दोन-तीन कॉलेजातली पोरं जवळ यायची. "माताजी, दो हमारी भी." आजी पैसे हातात घ्यायची, पण आधी उलटतपासणी: "पहले ये बताओ, आखिर में मरता-बिरता तो नहीं ना कोई?" पोरं शपथेवर सांगायची की नाही मरत. एकदा मेला. बाहेर पडल्यावर आजी त्या पोरांना गर्दीत शोधत होती.

एका टॉकीजात (नाव नाही घेत, मालक गेले बिचारे) ढेकूण एवढे होते की घरी आल्यावर आई आम्हाला ओट्यावरच उभं करून कपडे झटकायला लावायची. तरी तिथे जायचोच, कारण तिथलं थर्ड क्लास पडद्यापासून लांब होतं.

आत गेल्यावर आधी काचेच्या स्लाइडी. सायकलला ताला लावा, अमक्याकडचीच साडी घ्या. मग फिल्म्स डिव्हिजनची रीळ, त्यात बहुतेक वेळा पूर आणि पुरावरून विमानातून जाणारे मंत्री. मग सेन्सॉरचं सर्टिफिकेट. ते जेमतेम दिसतं न दिसतं तोच माझा मोठा भाऊ त्यावरचा रिळांचा आकडा मोठ्याने वाचायचा. "सोळा!" आणि आमच्या ओळीत समाधान पसरायचं. चौदा निघाले तर पैसे बुडाल्यासारखं वाटायचं.

आता प्रश्न. बाबा कडेच्या खुर्चीवर बसायचे, शेजारी मी. पिक्चर रंगात आलेला असताना ते मधेच वाकून माझ्या कानात विचारायचे, "बदलू?" मी म्हणायची, "बदला." दोनचार क्षण थांबून ते चुटकी वाजवायचे, आणि त्याच क्षणी पडद्यावरचं सगळं बदलायचं. घरातला सीन असेल तर एकदम घोडे. गाणं संपून एकदम कोर्ट. पडदा किंचित लुकलुकल्यासारखा व्हायचा. एका पिक्चरमध्ये हे पाच-सहा वेळा, जास्त नाही. आणि एकदाही चुकलं नाही. मला नऊ वर्षांची होईपर्यंत खात्री होती की पिक्चर बाबा चालवतात. शाळेत हे सांगितलं आणि जे व्हायचं ते झालं.

पुढे १९८७ ला रामायण सुरू झालं, रविवारची सकाळ टीव्हीची झाली, मी कॉलेजात गेले, आणि हे मागे पडलं. बाबांना विचारलं की म्हणायचे, "आपली विद्या आहे." गेल्या फाल्गुनात ते गेले. कुणाला काही कल्पना आहे का हे ते कसं करत असतील? थट्टा केलीत तरी चालेल.

मिलएरियावाला_भिया

ताई, थट्टा नाही, पण उत्तर सोपं आहे आणि तुम्हाला आवडणार नाही. तुमच्या बाबांनी पिक्चर आधी बघितलेला असायचा.

रागावू नका, घरचा दाखला देतो. आमचं घर मालवा मिलजवळ. आमचे तीर्थरूपही मिलमध्येच, पण खात्यात, मशीनवर. रविवारी आम्हाला सहकुटुंब न्यायचे आणि हिरोइन रडायला लागायच्या आधीच आमच्या आईला रुमाल द्यायचे. आई म्हणायची, किती समजूतदार माणूस! एकदा धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात तिला तिकिटाचे दोन तुकडे सापडले. एक रविवारचा, एक गुरुवारच्या ९ ते १२ चा. गुरुवारी म्हणे युनियनची मीटिंग होती. त्यानंतर महिनाभर आमच्या घरात डाळीत मीठ कमी होतं.

बाप्यांची पद्धतच होती ती. आधी एकट्याने बघून यायचं, चांगला असेल तर पोराबाळांना न्यायचं. आमच्या वडिलांचं म्हणणं, यात चोरी कसली, ही तपासणी. सलीम-जावेद जोडीचं नाव पोस्टरवर असलं की मात्र तपासणी तीनदा व्हायची, कारण सलीम खान आपल्या इंदूरचे! गावच्या माणसाला पाठिंबा द्यायला नको?

बाकी तुम्ही नावं घेतलीत आणि पोटात कालवलं. आमच्या गावाचे पत्तेच टॉकीजवरून आहेत हो. रीगल चौराहा, मधुमिलन चौराहा, सपना-संगीता रोड. माझा पुतण्या रोज सपना-संगीतावरून क्लासला जातो. त्याला वाटायचं या कुणी दोघी बहिणी होत्या, दानशूर वगैरे.

पण एक विचारतो, घोडे-कोर्टवाली चुटकी दर वेळी ऐन सीन बदलतानाच? गाण्याच्या मधे किंवा संवादाच्या मधे कधीच नाही?

रामबाग_ते_कोथरूड

नाही, मधे कधीच नाही. आणि भाऊ, तुमचं म्हणणं मी आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुझे बाबा गुरुवारी कुठे होते ते मला माहीत असायचं." मग थोडी थांबून म्हणाली, "बहुतेक."

तरी पटत नाही. बाबांना घराची किल्ली कुठे ठेवली ते आठवायचं नाही, त्यांना सबंध पिक्चरमधले सहा सीन एका क्षणाच्या हिशेबाने कसे लक्षात राहतील? शिवाय पहिल्याच दिवशी लागलेल्या पिक्चरलाही ते चुटकी वाजवायचे.

लष्करकर

उत्तर माहीत नाही, फक्त हजेरी लावतोय. ग्वाल्हेर, लष्कर. आमच्याकडे लेडीज खिडकीवर आत्याला पाठवायचे. तिचं लग्न ठरलं तेव्हा आजोबा खरोखर म्हणाले होते, आता तिकिटं कोण काढणार. आणि आमच्या लहानपणी, ७० च्या आसपास, पिक्चर संपला की पडद्यावर झेंडा आणि जनगणमन असायचं. हिरो-हिरोइन एकमेकांकडे धावायला लागली की निम्मं थेटर दाराकडे धावायचं, जनगणमन सुरू व्हायच्या आत बाहेर पडायला. आमचे वडील संघातले, ते आम्हाला हलू द्यायचे नाहीत. त्यामुळे आम्हाला प्रत्येक पिक्चरचा शेवट माहीत आहे आणि टांगा कधीच मिळालेला नाही.

कार्बनवाला

ताई, तुमचे बाबा पिक्चर चालवत नव्हते, पण चालवणाऱ्याची खूण त्यांना ठाऊक होती. माझे वडील इंदूरलाच ऑपरेटर होते, तीसेक वर्षं, दोन टॉकीजांत मिळून. माझे रविवार तुमच्यासारखे खुर्चीत नाही, वर केबिनमध्ये गेले. त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

पिक्चर अखंड नसायचा. एक रीळ साधारण १००० फुटांची. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं जायची, त्या हिशेबाने मिनिटाला ९० फूट, म्हणजे एक रीळ अकरा मिनिटांत खलास. म्हणून दोन-दोन रिळं जोडून एका मोठ्या चाकावर चढवायची. तुमच्या भावाने 'सोळा' वाचलं की वर आठ चाकं तयार असायची. केबिनमध्ये मशिनं दोन. एकावर पिक्चर चालू, दुसऱ्यावर पुढचं चाक लावून ठेवलेलं. पहिलं संपत आलं की दुसरं सुरू करायचं, आणि खाली कुणालाही कळता कामा नये. याला चेंजओव्हर म्हणायचे. आठ चाकं म्हणजे सात सांधे. त्यातला एक इंटरव्हलमध्ये लपायचा. उरले सहा. तुम्ही पाच-सहा लिहिलंत ते वाचूनच माझ्या डोक्यात दिवा लागला.

आता ऑपरेटरला कळायचं कसं? पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटा गोल ठिपका यायचा. चार चित्रांपुरता, म्हणजे डोळ्याची पापणी लवेल एवढाच. तो आला की दुसऱ्या मशिनची मोटर चालू करायची. साधारण सात सेकंदांनी दुसरा ठिपका. तो आला की एका मशिनचा प्रकाश बंद, दुसऱ्याचा चालू. पुढे सेकंदभरात पहिली रीळ संपलेली असायची. म्हणजे तुमचे बाबा पहिल्या ठिपक्याला "बदलू?" विचारायचे आणि दुसऱ्या ठिपक्यावर चुटकी वाजवायचे. तुम्ही 'दोनचार क्षण थांबून' लिहिलंय ना, तेच ते सात सेकंद.

सीन ऐन तिथेच बदलायचा कारण रीळ तोडताना सीनच्या शेवटाशी तोडायची पद्धत होती. गाण्याच्या किंवा बोलण्याच्या मधे तोडली तर सांध्यात आवाज अडखळतो. आणि पडदा लुकलुकायचा कारण दोन मशिनांचा उजेड कधी सारखा नसतो. आमच्याकडचं एक मशीन पिवळट मारायचं, दुसरं निळसर. वडील म्हणायचे, सवत सवतीसारखी दिसते का कधी?

उजेड कार्बनचा. दोन काड्या समोरासमोर धरायच्या आणि त्यांच्यामधे विजेची ठिणगी सतत जळती ठेवायची. नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही, काळ्या काचेतून बघायचं. काड्या जळून आखूड होतात, त्यांच्यातलं अंतर वाढलं की पडदा अंधारतो, म्हणून पुन्हा पुन्हा जवळ सरकवत राहायचं. तुम्ही खालून "ए लाइट!" म्हणून शिट्ट्या मारायच्या तेव्हा वडील बहुतेक मला डब्यातली पोळी वाढत असायचे. काड्यांवर तांब्याचा मुलामा असायचा. उरलेले तुकडे मी शाळेत न्यायचो. फरशीवर त्याने झकास रेघ उमटते. एका तुकड्याला तीन गोट्या असा माझा भाव होता. दुसरा धंदा फिल्मच्या तुकड्यांचा. तुटलेली फिल्म जोडताना दोनचार चित्रं कापून जायची, ती माझी. फ्यूज झालेल्या बल्बमध्ये पाणी भरायचं, दारातून आरशाने ऊन आत घ्यायचं, आणि भिंतीवर हिरोचं डोकं उलटं. आमच्या गल्लीत माझा वट होता तो एवढ्यावरच.

ठिपक्यांबद्दल आणखी एक. प्रिंट नवी असेल तर तो गोल आणि नेटका असायचा. जुनी प्रिंट दहा गावं फिरून आलेली असली की प्रत्येक गावच्या ऑपरेटरने आपल्या सोयीने सुईने फुल्या, रेघा ओरखडलेल्या असायच्या. तिथे कोपऱ्यात नुसती रांगोळी. अशा वेळी खरा ठिपका कुठला हे ओळखणं सोपं नाही. तुमचे बाबा एकदाही चुकले नाहीत म्हणता, तर ते नुसतं बघून शिकलेले वाटत नाहीत. हॉलमधल्या माणसाचं लक्ष हिरोइनवर असतं हो, कोपऱ्यात कोण बघतं? कुणाची तरी केबिनमध्ये ऊठबस असणार. घरी कुणाला विचारा, त्यांच्या कपड्यांना कधी जळका वास यायचा का. कार्बनचा वास कापडातून जात नाही. आमच्या आईने वडिलांचे सदरे जन्मभर वेगळे धुतले.

मिलएरियावाला_भिया

भिया, मान गए. माझा गुरुवार मागे घेतो. (आमच्या तीर्थरूपांचा मात्र तसाच ठेवा.)

एक शंका. दोन टॉकीजांत एकच प्रिंट चालायची तेव्हा काय व्हायचं? आमच्या मोहल्ल्यातला एक पोरगा रिळांचे डबे सायकलला लावून इकडून तिकडे पळवायचा. एकदा चौराह्यावर त्याची चेन उतरली आणि आमच्या टॉकीजात चाळीस मिनिटं इंटरव्हल झाला. समोसेवाल्याने त्या दिवशी त्याला फुकट खाऊ घातलं असणार.

कार्बनवाला

असंच व्हायचं. एका ठिकाणी शो अर्धा-पाऊण तास आधी सुरू करायचा, तिथलं चाक संपलं की उलट गुंडाळायचं, डब्यात, सायकलवर, आणि दुसरीकडे. त्या पोराला आमचे वडील मॅनेजरपेक्षा जास्त मान द्यायचे. पावसाळ्यात त्याचा रेनकोट डब्यांवर असायचा, तो स्वतः भिजत.

रामबाग_ते_कोथरूड

कार्बनवाले, तुमचं उत्तर काल रात्री तीनदा वाचलं. सकाळी उठून आत्याला फोन लावला. ती चौऱ्याऐंशीची आहे, इंदूरलाच असते, ऐकू कमी येतं. मी ओरडून विचारलं, बाबांच्या कपड्यांना कधी जळका वास यायचा का? माझा नवरा चहा घेता घेता थांबला.

ती आधी म्हणाली, कोण जळलं? मग समजल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "मॅट्रिकला एकदा गचकला तुझा बाप. त्या वर्षी संध्याकाळी कुठे जायचा ते कुणाला सांगायचा नाही. काका म्हणायचे सिगरेटी ओढतो. मी सदरा हुंगून बघितला होता, सिगरेटचा वास नव्हता तो. लोहाराकडे येतो तसला होता. मी काकांना सांगितलं, दादा लोहाराकडे जातो. काकांनी मलाच मारलं." पुढच्या वर्षी पास झाले, मिलमध्ये चिकटले, विषय संपला. कुठलं टॉकीज, कोण ऑपरेटर, हे तिला माहीत नाही आणि आता सांगणारं कुणी नाही.

आईला हे ठाऊक नव्हतं. ती फक्त म्हणाली, "तरीच इंटरव्हलमध्ये मागे वळून वरच्या खिडकीकडे बघत बसायचे. मला वाटायचं बालकनीत कोण आलंय ते बघतात."

आणखी एक गंमत. दुपारी लेकाने कॉम्प्युटरवर एक जुना पिक्चर लावून दिला, जुन्या प्रिंटवरूनच उतरवलेला असावा. आम्ही दोघं फक्त उजव्या कोपऱ्याकडे बघत बसलो, पिक्चर काय चाललाय ते कळलंच नाही. एकोणीस मिनिटांनी ठिपका आला! दोघं ओरडलो. मी चुटकीसाठी हात वर करेपर्यंत सीन बदलून गेला होता. पुढच्या वेळीही उशीरच झाला. लेक म्हणतो, तुझी चुटकी वाजतच नाही, बोटं ओली कर.

कार्बनवाला

बोटांचा दोष नाही. तुम्ही दुसरा ठिपका दिसायची वाट बघताय, तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. वडील मला शिकवायचे, पहिला दिसला की डोळे पडद्यावरून काढायचे आणि मनात सात मोजायचे. सहावर हात तयार ठेवा.